कोलकाता : अडीच दिवस, आई शाकाहारी, मी नाही

सोलीव_संत्रं (१७ नोव्हेंबर, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात आई आणि मी, दोघीच, कोलकात्याला चाललोय. शुक्रवारी संध्याकाळी नागपूरहून गीतांजली, शनिवारी दुपारी हावडा. परतीला सोमवारी रात्रीची मेल. म्हणजे हातात अडीच दिवस. यापेक्षा जास्त रजा मिळत नाही, तेव्हा 'निदान पाच दिवस तरी काढा' हा सल्ला कृपया देऊ नये.

आई ६८ वर्षांची, गुडघे कुरकुरतात, पूर्ण शाकाहारी. मी सगळं खाते. आई गेली तीस वर्षं धंतोलीच्या रामकृष्ण मठात जाते, तिथलं 'जीवन-विकास' मासिक घरी येतं. तिला बेलूर मठ आणि दक्षिणेश्वर बघायचंय, 'बाकी तू नेशील तिथं येते' म्हणाली. मला खायचंय.

मी केलेला आराखडा असा : शनिवारी सामान टाकून न्यू मार्केट, पार्क स्ट्रीट. रविवारी सकाळी दक्षिणेश्वर आणि बेलूर, दुपारी कालीघाट, संध्याकाळी कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकं आणि कॉफी हाऊस. सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम, जोडासांकोची ठाकूरबाडी (रवींद्रनाथांचं घर), मूर्तिकारांची कुमारटुली, ट्राम आणि मग स्टेशन. खाणं मधेमधे.

काही चुकतंय का?

पोटोबा (१७ नोव्हेंबर, रात्री १०:५८)

'खाणं मधेमधे.' कोलकात्यात. देवा, हिला माफ कर.

रेल्वेवेडा (१७ नोव्हेंबर, रात्री ११:२०)

गीतांजली चांगली निवड. १९७७ साली सुरू झाली तेव्हा या गाडीला फक्त दुसरा वर्ग होता, वरचा वर्गच नाही, त्याची त्या काळी केवढी चर्चा झाली होती. जेवणाचा डबा घरून न्या. हावड्याच्या अलीकडे गाडी रेंगाळते, तेव्हा 'साडेबाराला पोचू, एकला व्हिक्टोरिया' असलं गणित करू नका. उतरल्यावर दोन तास हवेत सोडलेले बरे.

गडियाहाटकर (१८ नोव्हेंबर, सकाळी ७:०५)

संत्राताई, मी मूळचा सातारचा, सतरा वर्षं कोलकात्यात. तुमचा आराखडा वाचून चहा नाकात गेला.

सोमवारी व्हिक्टोरियाची दालनं बंद. इंडियन म्युझियम बंद. ठाकूरबाडी बंद. तुम्ही नेमक्या तीन बंद दारांसमोर आईंना उभं करणार होता. आणि रविवारी कॉलेज स्ट्रीटची बहुतेक पुस्तकांची दुकानं बंद. शिवाय दक्षिणेश्वरला रविवारी जी रांग लागते ती बघून गुडघे पुलावरूनच परत फिरतील. मंगळवार-शनिवार देवीचे वार म्हणून गर्दी, रविवार सुट्टीचा म्हणून गर्दी. दक्षिणेश्वर बघावं सोमवारी सकाळी.

म्हणजे तुम्हाला नवीन काही ठरवायची गरज नाही. रविवार उचलून सोमवारी ठेवा, सोमवार रविवारी. झालं.

सोलीव_संत्रं (१८ नोव्हेंबर, सकाळी ९:३१)

अरे देवा. मी गुगलवर फक्त 'काय बघावं' शोधलं, 'कधी बघावं' हे डोक्यातच आलं नाही. खूप आभार दादा. आईला सांगितलं तर ती म्हणते, 'ठाकूरांनीच वाचवलं.' कुठल्या ठाकूरांनी ते नाही सांगितलं. रामकृष्णांनाही बंगालीत ठाकूरच म्हणतात ना?

गडियाहाटकर (१८ नोव्हेंबर, सकाळी ९:५०)

म्हणतात. देवालाही ठाकूर आणि स्वयंपाक्या ब्राह्मणालाही ठाकूर. आई बरोबर आहेत, तिघांपैकी कोणीतरी वाचवलं.

कोजागिरी (१८ नोव्हेंबर, दुपारी १:१५)

मी गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले होते, म्हणून सोमवारचं जरा सविस्तर लिहिते. मेट्रोची निळी मार्गिका थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते. स्टेशनाला जोडूनच देवळाकडे जाणारा उंच पादचारी मार्ग आहे, खालच्या रहदारीत शिरावं लागत नाही. मोबाईल आणि चपला बाहेर ठेवाव्या लागतात, त्यामुळे एकच पिशवी न्या. देऊळ राणी रासमणींनी बांधलं, १८५५ साली. मुख्य मंदिराला नऊ शिखरं, नदीच्या बाजूला ओळीनं बारा शिवमंदिरं. रामकृष्णांची खोली आवाराच्या वायव्य कोपऱ्यात आहे. बरेच लोक कालीचं दर्शन घेऊन तसेच बाहेर पडतात आणि ही खोली राहून जाते. काकूंना तिथं बसू द्या.

मग देवळामागच्याच घाटावरून बेलूरची होडी पकडा. रस्त्यानं अजिबात जाऊ नका. गंगेवरून बेलूर जवळ येताना दिसतो तो देखावा रिक्षातून कसा दिसणार? पण घड्याळाकडे लक्ष असू द्या. बेलूरचं मुख्य मंदिर दुपारी बंद होतं आणि पार चारच्या आसपास उघडतं. साडेनऊ-दहाला बेलूरच्या घाटावर पाय ठेवला तर सगळं निवांत होतं. तिथं विवेकानंदांची खोली आणि समाधिमंदिरही आहे. आमचे सासरे गाभाऱ्याकडे कमी आणि इमारतीकडे जास्त बघत होते : एका बाजूनं देऊळ, दुसरीकडून मशिदीची झाक, तिसरीकडून चर्च.

मासेखाऊ_मालवणी (१८ नोव्हेंबर, दुपारी ३:४०)

आईंबद्दल आदर राखून, धागाकर्तीसाठी. पहिली गोष्ट, पापलेट-सुरमई विसरायचं. हे नदीचं आणि तळ्याचं राज्य आहे. रुई म्हणजे रोहू, कातला, पाबदा, चिंगडी म्हणजे कोळंबी. मी मालवणी माणूस, गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडतच गेलो होतो. नारळ नाही, कोकम नाही, फक्त मोहरी! पहिल्या घासाला वाटलं, सर्दीवरचं औषध दिलंय. तिसऱ्या घासाला गप्प बसलो.

दुसरी गोष्ट, डिसेंबरात इलिश मागू नका. ती पावसाळ्याची मासळी. हिवाळ्यात मिळते ती बहुतेक बर्फातली, आणि काटे इतके की नवख्या माणसाला जेवण नव्हे, शिवणकाम वाटेल. त्यापेक्षा भेटकी घ्या. भेटकी म्हणजे आपला जिताडा! अलिबागकरांना सांगायला नको. केळीच्या पानात मोहरी लावून वाफवली की 'भेटकी पातुरी', काटा नाही, कटकट नाही. आणि 'फिश फ्राय' म्हणून जे मिळतं ते म्हणजे भेटकीचा तुकडा ब्रेडचा चुरा लावून तळलेला, बरोबर कासुंदी. कासुंदी म्हणजे आंबवलेली मोहरीची चटणी. मी दोन बाटल्या आणल्या, एक विमानतळावर काढून घेतली. तुम्ही रेल्वेनं येताय, भाग्यवान आहात.

टिवल्याबावल्या (१८ नोव्हेंबर, दुपारी ४:०२)

शाकाहारी आईला कोलकात्याला? त्यापेक्षा इंदूरला न्या. रात्री सराफ्यात उभं राहून खा, सकाळी पोहे-जिलेबी, घरी.

सोलीव_संत्रं (१८ नोव्हेंबर, दुपारी ४:२०)

इंदूर दोनदा झालंय. आणि इंदूरमध्ये बेलूर मठ नाही हो.

गडियाहाटकर (१८ नोव्हेंबर, रात्री ९:३०)

टिवल्याबावल्या, हा गैरसमज मी सतरा वर्षं ऐकतोय. बंगाली शाकाहारी स्वयंपाक हा भारतातल्या उत्तम शाकाहारांपैकी एक आहे, आणि तो कुठून आला ते कळलं की घास जरा जड होतो. विधवांना मासे, मांस, कांदा, लसूण, मसूर डाळ सगळं वर्ज्य. बालविधवा तर घराघरात. त्या बायकांनी साली, देठ, केळफूल, केळीचा गाभा, खसखस, डाळीच्या वड्या यांतून अख्खं पाकशास्त्र उभं केलं. आज त्याला हॉटेलात पैसे मोजून 'निरामिष थाळी' म्हणतात.

आईंसाठी शब्द पाठ करा : 'निरामिष'. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. डाळीत माशाचं डोकं घालायची पद्धत आहे, कोबीतही घालतात, केळफुलाच्या भाजीत कधी कोळंबी असते. म्हणून प्रत्येक पदार्थाला विचारायचं, 'निरामिष तो?' कांदा-लसूणही नको असेल तर 'पेंयाज-रशुन छाडा'.

काय मागवायचं? सुरुवातीला शुक्तो, कारल्याची झाक असलेली मिश्र भाजी. ती पहिल्या भातावरच खातात, शेवटी नाही. मग छोलार डाल, म्हणजे हरभऱ्याची डाळ, नारळाचे तुकडे घातलेली आणि गोडसर. लुची मैद्याची, पांढरीशुभ्र. आलू पोस्तो म्हणजे खसखशीतले बटाटे. आणि धोकार दालना जरूर मागवा. हरभऱ्याची डाळ वाटून, शिजवून, थापून, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून, तळून रश्श्यात सोडतात. नागपूरकरांना हे वर्णन ओळखीचं वाटतंय का?

सोलीव_संत्रं (१८ नोव्हेंबर, रात्री ९:४१)

पाटोडी रस्सा!!! आईला वाचून दाखवलं. म्हणे, 'त्यांनी आपल्याकडून नेलं असेल.'

जुनाट_वही (१८ नोव्हेंबर, रात्री १०:१७)

काकूंनी हे वाक्य कोलकात्यात मोठ्यानं म्हणू नये (हलके घ्या). नागपूरकरांनी बंगालमधून जे नेलं त्याची आठवण तिथं अजून आहे.

१७४१ ते १७५१ अशी दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, ज्यांना बंगाली लोक भास्कर पंडित म्हणतात, त्यांना १७४४ मध्ये अलीवर्दीखानानं वाटाघाटीला बोलावून मारलं. शेवटी तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाख चौथाई ठरली. आपल्या पुस्तकात हे 'स्वारी' म्हणून येतं. त्यांच्याकडे ते 'बर्गीर हांगामा' म्हणून येतं. बर्गी म्हणजे आपला बारगीर. गावं जळाली, विणकर पळाले, आणि त्याचं अंगाईगीत झालं. बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बर्गी आले, धान्य पाखरांनी खाल्लं, आता सारा कुठून भरू? आजही आया ते म्हणतात. आपल्या आजोबांच्या घोड्यांवर पोरं झोपवतात म्हणा ना.

त्या भीतीनं १७४२ मध्ये कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठा डिच. निम्माच झाला, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. १७९९ मध्ये तो बुजवायला घेऊन वरून सर्क्युलर रोड काढला. आज तुम्ही आचार्य प्रफुल्लचंद्र रोड किंवा जगदीशचंद्र बोस रोडवरून टॅक्सीनं जाल तेव्हा साधारण त्याच रेषेवरून जाल. उत्तरेला बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे.

याच शहरात १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली, ती सखाराम गणेश देऊस्करांसाठी. देऊस्कर म्हणजे मराठी घराण्यातला, पण बंगालीत लिहिणारा माणूस. खंदक खणणाऱ्यांच्या नातवंडांनी शिवाजी उत्सव केला. हे शहर असं आहे.

कोजागिरी (१८ नोव्हेंबर, रात्री १०:३०)

सहलीचा धागा होता ना हो हा? पण छान. आम्हाला टॅक्सीवाल्यानं 'महाराष्ट्र? ओ, बोर्गी!' म्हणून हसत हसत चिडवलं होतं, तेव्हा काही कळलं नव्हतं. आज कळलं.

पोटोबा (१९ नोव्हेंबर, सकाळी ८:१२)

विषय खाण्यावर आणतो. बिर्याणी. बटाटा. सुरू करा.

मासेखाऊ_मालवणी (१९ नोव्हेंबर, सकाळी ८:३०)

बिर्याणीत बटाटा हा गुन्हा आहे.

गडियाहाटकर (१९ नोव्हेंबर, सकाळी ८:४४)

गुन्हा असेल तर गुन्हेगार वाजिद अली शाह. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध घेतलं, नवाब कोलकात्याला आले आणि मटियाबुर्जला दुसरं लखनौ वसवून राहिले. सगळे सांगतात की पैसे संपले म्हणून मांसाऐवजी बटाटा आला. पण नवाबाच्या वंशजांना हे मान्य नाही. ते म्हणतात, तेव्हा बटाटाच नवलाईचा होता आणि पेन्शन घेणारा असला तरी नवाब एवढा कंगाल नव्हता. मला दुसरी बाजू पटते. ज्यानं तो बटाटा खाल्लाय त्याला ती पटेलच. आख्खा, पिवळाधमक, आत चरबी आणि केवडा मुरलेला. मांस राहू द्या, बटाटा कोण घेणार यावरून आमच्याकडे भांडणं होतात.

कुठं खावी? पार्क सर्कसच्या बाजूला अर्सलान, शिराझ. बटाटा नकोच असेल तर चितपूरला रॉयल, १९०५ सालचं. तिथली बिर्याणी बटाट्याशिवाय आणि मटण चाप खास. मालवणीदादांना तिकडे पाठवू.

अर्धाकप (१९ नोव्हेंबर, सकाळी ११:०८)

रोल कोणीच का लिहिला नाही? न्यू मार्केटमागे निझाम, १९३२ सालचं, काठी रोल तिथला म्हणतात. शनिवारी तुम्ही न्यू मार्केटमध्ये असालच. आत नाहूमची बेकरी आहे, १९०२ पासूनची, बगदादी ज्यू कुटुंबाची. डिसेंबरात प्लम केकसाठी रांग लागते. केकमध्ये अंडं असतं, आईंना आधी सांगा. आणि बाजारात कोणी 'दीदी, दाखवतो, फक्त बघा' म्हणत मागे लागला तर मान खाली घालून चालत राहायचं.

रेल्वेवेडा (१९ नोव्हेंबर, दुपारी १२:२५)

आईंना हावडा ते एस्प्लनेड मेट्रोनं न्याच. मार्च २०२४ पासून हुगळीच्या तळाखालून मेट्रो जाते. नदीखालचा पट्टा पाचशे मीटरच्या आसपास, पाऊण मिनिटात पार. निळे दिवे लागले की समजायचं, डोक्यावर गंगा आहे. सोमवारी परत जाताना तर टॅक्सी करूच नका. संध्याकाळी हावडा पुलावर अडकून गाडी चुकलेली माणसं मी स्वतः पाहिलीत (एक मी). मेट्रो थेट हावडा स्टेशनाला लावते. स्टेशन फार खोल आहे, पण सरकते जिने आणि लिफ्ट दोन्ही आहेत.

ट्रामचं विचाराल तर जगातलं माझं आवडतं वाहन, पण आता मोजके मार्ग उरलेत. एस्प्लनेडच्या डेपोत जाऊन 'आज कुठली चालू?' असं विचारायचं आणि जी उभी असेल तिच्यात बसायचं. आराखड्यात वेळ लिहू नका.

आणि हावडा पूल : १९४३ साली रहदारीला खुला झाला, २६,५०० टन पोलाद, नट-बोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटनं जोडलेलं. काही वर्षांपूर्वी लोकांच्या पिंकांनी त्याच्या लोखंडी टेकूंचे बूड झिजायला लागलं म्हणून आवरणं बसवावी लागली. वैदर्भीय खर्राबहाद्दरांनी नोंद घ्यावी.

वऱ्हाडी_ठेचा (१९ नोव्हेंबर, दुपारी १२:४०)

आमच्या खर्ऱ्याले कायले मधात आणता बे. हावड्यात जो थुकते तो पान खाते, खर्रा नाही.

सोलीव_संत्रं (१९ नोव्हेंबर, दुपारी १:०५)

हाहा. थंडीचं काय? आईसाठी किती कपडे घेऊ?

गडियाहाटकर (१९ नोव्हेंबर, दुपारी १:३०)

नागपूरच्या डिसेंबरातून येताय, एक शाल पुरे. अठरा अंशाला कोलकाता कानटोपी घालतं. हसू आवरा.

एक गोष्ट गोडाची, कारण डिसेंबरात येताय. आत्ता नोलेन गूड आहे. थंडी पडली की खजुराच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात रस उतरवतात आणि सकाळी आटवतात. पातळ तो झोला, ढेपेचा तो पाटाली. नोव्हेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतच. नंतर मिळेल तो गूळ, नोलेन नाही. या दिवसांत पांढरा संदेश घेणं म्हणजे आंब्याच्या दिवसांत सफरचंद खाणं. हेदुयाच्या तलावाजवळ गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी, १८४४ सालचं दुकान, बसायला जागा नाही, जाळीतून माल देतात. 'जलभरा' मागा, पण तोंड पुढे काढून चावा, आत पातळ गूळ असतो. आईंच्या साडीवर सांडला तर मी जबाबदार नाही. प्रवासाला न्यायचा असेल तर 'कडापाक' घ्या. 'नरमपाक' त्याच दिवशी संपवायचा. बऊबाजारात भीम नागच्या दुकानात बंगाली आकड्यांचं जुनं इंग्रजी कंपनीचं घड्याळ आहे, तेही वाटेत बघा.

राहायचं ठरलंय का? हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, कालीघाटापासून जवळ. खोली मिळते का ते फोन करून बघा.

सोलीव_संत्रं (२० नोव्हेंबर, रात्री ९:१८)

खोली आधीच बुक झालीय, धर्मतल्याजवळ, 'लिफ्ट आहे' असं लिहिलेलं बघून. आता नवीन आराखडा. शनिवार : जमेल तितकं व्हिक्टोरिया, न्यू मार्केट, रोल. रविवार : पहाटे मी एकटी टिरेट्टा बाजारला चिनी नाश्त्याला (आईची पूजा तेव्हा चालते), मग दोघी फुलबाजार, ठाकूरबाडी, निरामिष जेवण, कुमारटुली, संध्याकाळी मला बिर्याणी. सोमवार : दक्षिणेश्वर, होडी, बेलूर, मग कॉलेज स्ट्रीट, कॉफी हाऊस, मेट्रोनं हावडा. कालीघाट आणि इंडियन म्युझियम काढलं. ट्राम दिसली तर.

कोजागिरी (२० नोव्हेंबर, रात्री ९:३५)

आता माणसांचा आराखडा वाटतोय.

सोलीव_संत्रं (२२ डिसेंबर, रात्री ११:०५)

आलो परत. वृत्तांत लिहिते म्हणाले होते, तर घ्या.

गीतांजली दीड तास उशिरा. हॉटेलची लिफ्ट 'आहे' हे खरं होतं, फक्त चालत नव्हती, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. काउंटरवरच्या गृहस्थांशी मी अर्धा तास भांडले, तोवर आई जिना चढून वर पोचलीसुद्धा. वरून तिनं हाक मारली, 'ये आता, भांडून झालं असेल तर.' दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. व्हिक्टोरियाच्या आत जायची वेळ टळली होती, बागेतून फिरलो. घुमटावरची काळी परी वाऱ्यानं फिरते असं वाचलं होतं. आई बाकावर बसून वीस मिनिटं तिच्याकडे बघत होती. 'नाही फिरली' असा निकाल दिला.

रविवारी पहाटे टिरेट्टा बाजार. अर्सलान-निझाम सगळे एकीकडे आणि रस्त्याकडेला पाटीत वाफाळणारे बाव (सारण भरलेले चिनी पाव) एकीकडे. चिनी आजी हिंदीत हिशोब करत होत्या. साडेआठपर्यंत सगळं आवरत आलं. टांगऱ्यातली चिनी वस्ती ओसरली, माणसं परदेशी गेली, आता थोडीच घरं उरलीत असं शेजारी उभे असलेले गृहस्थ सांगत होते. फुलबाजारात आईला आवरणं मुश्कील झालं. झेंडूच्या माळांची एवढी भेंडोळी माणसाच्या खांद्यावर, की खालून फक्त पाय दिसतात. तिनं एक माळ घेतली आणि दिवसभर पिशवीत बाळगली.

ठाकूरबाडीत रवींद्रनाथ ज्या खोलीत गेले तिथं आई दारातच थांबली. १८६१ ला जन्म त्याच घरात, १९४१ ला मृत्यूही त्याच घरात, हे तिला फार लागलं. 'माणूस जग फिरून घरी आला बघ,' म्हणाली. मी फोटो काढायला मोबाईल उचलला आणि रखवालदारानं बोट वर केलं.

जेवणाची खरी बातमी. छोलार डालीचा पहिला घास घेऊन आईनं माझ्याकडे बघितलं, 'वरणात साखर सांडली का गं यांच्या?' शुक्तो तिला फार आवडलं. धोकार दालनावर तज्ज्ञांचा अहवाल : वडी आपल्यापेक्षा मऊ, रस्सा आपल्यापेक्षा भित्रा. पाटोडीचे पूर्वज कोण हा वाद तिनं मिटलेला मानलाय. बाहेर एका गाडीवर संत्री दिसली, 'दार्जिलिंगची कमला' म्हणून. तिनं सोलून एक फोड खाल्ली, फेरीवाल्याला मराठीत सांगितलं, 'बरी आहेत हो, पण आमच्याकडे या एकदा.' त्यालाही काय कळलं कोण जाणे, त्यानं आणखी एक दिलं, फुकट.

बिर्याणी मी एकटीनं खाल्ली. बटाट्याबद्दल मालवणीदादांनी वक्तव्य मागे घ्यावं.

कुमारटुलीत डिसेंबरात काही नसेल वाटलं होतं. पण गल्लीभर सरस्वतीचे गवताचे सांगाडे उभे होते, हात नसलेले, डोकं नसलेले, काहींना नुसती मातीची पहिली लिंपण. हंस मात्र आधीच तयार.

सोमवार जसा कोजागिरीनं लिहिला तसाच. रांग अर्धा तासही नव्हती. रामकृष्णांच्या खोलीत आई भिंतीला टेकून बसली, मी बाहेर गंगेच्या पायऱ्यांवर. चाळीस मिनिटांनी आली आणि म्हणाली, 'होडी कुठाय?' बस. बेलूरला दार बंद व्हायच्या आत पाऊण तास मिळाला. पिशवीतल्या माळेचं काय करायचं हा प्रश्न तिनं तिथंच सोडवला, घाटावर गंगेत सोडली. मी 'प्रदूषण' म्हणाले नाही.

कॉफी हाऊसमध्ये जिना चढायला आई तयार नव्हती, तिला खाली पॅरामाउंटमध्ये डाबचं सरबत पाजलं. १९१८ सालचं दुकान, शहाळ्याची मलई सरबतात. मी एकटी वर जाऊन 'इन्फ्यूजन' प्यायले, म्हणजे बिनदुधाची काळी कॉफी. शेजारच्या टेबलावर चौघं कशावर तरी असे भांडत होते की मला वाटलं मारामारी होईल. पैसे देताना चौघंही हसत होते.

ट्राम दिसली. टॅक्सीतून. आई म्हणाली, 'बघ, गेली.'

गडियाहाटकर (२३ डिसेंबर, सकाळी ६:५५)

वा! रस्सा भित्रा, हे आमच्या घरी वाचून दाखवलं. बायको बंगाली आहे. तिचं म्हणणं, तुमच्या आईंना आमच्या घरी पाठवा, मग बोलू.

मासेखाऊ_मालवणी (२३ डिसेंबर, सकाळी ९:१०)

बटाट्यावरचं वक्तव्य कायम. भेटकी खाल्ली की नाही ते सांगा.

सोलीव_संत्रं (२३ डिसेंबर, सकाळी ९:२२)

पातुरी दोनदा. कासुंदी तीन बाटल्या, सगळ्या घरी पोचल्या.

पोटोबा (१५ जानेवारी, दुपारी २:४०)

धागा वर काढतोय. संत्राताई, तो पाटाली गूळ आणला होता का? त्याचं काय केलं?

सोलीव_संत्रं (१५ जानेवारी, रात्री ८:५०)

आणला होता, किलोभर. आईनं काल संक्रांतीला त्याचेच तिळाचे लाडू करायला घेतले. मी सांगत होते, हा चिक्कीचा गूळ नाही, त्याला पाक धरणार नाही. ऐकते कोण. लाडू वळले नाहीत. मग वाटीत घातलं आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना चमच्यानं दिलं. शेजारच्या काकूंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि 'कसला गं गूळ हा, धुराचा वास येतो छान' म्हणून कृती मागितली. आईनं सांगितली, 'आमचे लोक पूर्वी बंगालमध्ये जायचे ना, तिकडून आणलाय.'